चँडलरच्या तळ्याकाठची पाणपोई

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलं अमेरिकेत? मी उभा जन्म अकोल्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढला आहे. शेगाव गाडी लागली का, वाशीमची कुठून सुटते, आज मूर्तिजापूर काहून लेट आहे. विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवं असतं हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मीही सांगते, "चांगलं आहे, स्वच्छ आहे, गरम आहे," आणि वाटेला लावते. पण ते उत्तर काही खरं नाही. खोटं उत्तर देऊन माणसाला भलत्याच फलाटावर पाठवल्यासारखं वाटत राहतं, म्हणून एकदा नीट बसून लिहिते आहे. यात ग्रँड कॅनियनचं वर्णन नाही. गेलो होतो, फार मोठं आहे, फोटो सगळ्यांकडे असतात.

फिनिक्स विमानतळ

आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या आईबापांची एक ठरलेली रीत आहे. पाय धडधाकट असले तरी व्हीलचेअर मागायची. इंग्रजीची धास्ती, हरवायची धास्ती. खुर्चीत बसलं की कोणीतरी ढकलत नेतं आणि थेट लेकराच्या हवाली करतं. माझ्या लेकीने, रश्मीने, तिकीट काढतानाच ती सोय करून ठेवली होती. मी म्हटलं, अगं, मी रोज पहाटे किल्ल्यापर्यंत चालत जाते. ती म्हणाली, "आई, प्लीज, सगळेच करतात."

विमानातून बाहेर आले तर माझी खुर्ची घेऊन एक म्हातारा उभा. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल. पांढरे केस नीट विंचरलेले, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, आणि खुर्चीच्या दांडीवरचे हात थरथरत होते. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. मी उठले आणि माझ्या इंग्रजीत म्हटलं, यू सिट, आय पुश. मला वाटलं हसेल. तो वाकून हळूच म्हणाला, "बसा मॅडम, प्लीज. वर कॅमेरा आहे."

बसले. सरकत्या पट्ट्यापाशी त्याला धाप लागली तेव्हा विचारलं, रिटायर्ड? म्हणाला, दोनदा झालो. बायकोची औषधं या नोकरीच्या विम्यावर चालतात, म्हणून पुन्हा आलो. हे सांगताना आवाजात कुरकुर नव्हती. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाने मला आत घेतलं ते असं, एका म्हाताऱ्याच्या धापेवर. रश्मी दिसल्याबरोबर मी इतक्या घाईने उठले की तिला वाटलं मला काही झालं. ती त्याला थँक यू म्हणत होती आणि मी त्याच्याकडे पाहूच शकत नव्हते.

सोसायटी, तळं आणि बदकं

रश्मीचं घर फिनिक्सजवळच्या चँडलरला. तिथे मी अकोल्याचा उन्हाळा संपवून तिथल्या उन्हाळ्यात जाऊन पडले. एका वर्षात दोन उन्हाळे भोगले, पण त्याचं मला विशेष नाही. अकोलेकराला उन्हाची काय मातब्बरी. फरक एवढाच की आपल्याकडे ऊन सगळ्यांना दिसतं. तिकडे माणसं गारठलेल्या घरातून गारठलेल्या गाडीत आणि गाडीतून गारठलेल्या ऑफिसात जातात. ऊन फक्त काचेतून बघतात. माझे जावई समीरराव पुण्याचे, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. ते मला म्हणाले, "आई, इथे समरमध्ये कोणी बाहेर नसतं." पहिल्याच सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर बाहेर माणसं होती. पाठीला पालापाचोळा उडवायचं यंत्र बांधून, टोपीखालून मानेवर फडकं सोडून चालली होती. घरच्या कोणालाच ती मोजावीशी वाटत नव्हती.

वस्तीच्या मधोमध एक तळं आहे. वाळवंटात खोदून, पाणी सोडून केलेलं. त्यात कारंजी दिवसरात्र उडतात, काठावर हिरवंगार गवत, गवतात बदकं. सगळं बघते ती सोसायटी. आपल्याकडची हाउसिंग सोसायटीच समजा, फक्त कडक इस्त्री केलेली. घराला रंग कोणता द्यायचा, कचऱ्याचा डबा किती वाजेपर्यंत बाहेर ठेवायचा, दारापुढे कोणतं झाड लावायचं, सगळं ती ठरवते. रश्मीची तुळस मागच्या अंगणात होती, कारण पुढे ठेवलेली रस्त्यावरून दिसते. ज्या देशात स्वातंत्र्याचा एवढा मोठा पुतळा उभा केला आहे तिथे माझ्या लेकीची तुळस लपून राहते, हे मला पचायला वेळ लागला.

समोरच्या घरावर एक भलामोठा झेंडा. मालक धिप्पाड, दर रविवारी ट्रक धुणारा. शेजारच्या घरापुढे लिंडा नावाच्या बाईंनी पाटी लावलेली: या घरात दया, समता आणि सर्वांचं स्वागत. लिंडा सोसायटीची अध्यक्ष. तिचं आणि झेंडेवाल्याचं बोलणं बंद आहे, असं मला माझ्या नातीने, तन्वीने, सांगितलं. "आजी, दे हेट ईच अदर. इट्स पॉलिटिक्स." पुढे जे घडलं ते वाचताना हे लक्षात ठेवा.

क्लबहाउसच्या दारात कुत्र्यांसाठी पाण्याचा नळ आहे. खाली स्टीलचं भांडं, वर पितळी पाटी. पाणी गार येतं, मी हात लावून पाहिलं. पाटीवर लिहिलंय की हा नळ फक्त रहिवाशांसाठी आणि त्यांच्या प्राण्यांसाठी आहे.

एल्विरा

ती मला भेटली आमच्या गॅरेजच्या भिंतीला चिकटून बसलेली. सकाळ असूनही सावली जेमतेम हातभर होती आणि त्या हातभर सावलीत तिने स्वतःला कोंबलं होतं. पन्नाशीची बाई, निळी टोपी, पाठीवरचं यंत्र अजून उतरवलेलं नाही. चेहरा लाल, ओठ पांढरे. ऊन लागलेला माणूस कसा दिसतो ते मला कोणी सांगायला नको. मे महिन्यात स्टँडवर रोज एक तरी असा फलाटावर बसलेला असे, आणि आम्ही खिडकी सोडून आधी त्याला पाणपोईवर नेत असू.

मी आतून पाणी आणलं, चिमूटभर मीठसाखर टाकून. तिने आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं, मग प्यायली. तिचं इंग्रजी माझ्याएवढंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. नाव एल्विरा. तिची टोळी दर मंगळवारी येते. पाण्याचा डबा ठेकेदाराच्या ट्रकमध्ये असतो आणि ट्रक थेट गेटबाहेर, कारण आत उभा केला की रस्त्यावर तेलाचे डाग पडतात. तिथवर जाऊन यायला वेळ जातो आणि मुकादम ओरडतो. काही आठवड्यांपूर्वी ती मोठ्या कारंज्याजवळ चक्कर येऊन पडली होती. इतरांनी तिला झाडाखाली ओढलं, तोंडावर तळ्याचं पाणी मारलं, आणि ती उठून पुन्हा कामाला लागली. "नोबडी नो," ती म्हणाली, आणि बोट ओठांवर ठेवलं. तिच्या मुलीला तिथल्या कॉलेजात घातलं आहे, हे काम गेलं तर ते संपलं. तिच्या कागदपत्रांचं मी विचारलं नाही. हल्ली माणसं कामावर जातात आणि धरपकडीत सापडून घरी परतत नाहीत असं तिकडे सगळेच दबक्या आवाजात बोलतात, त्यामुळे असलं काही विचारू नये एवढं मला कळत होतं.

मी घरात येऊन जाहीर केलं, दारात पाणपोई घालायची.

रश्मी हसली. समीररावांनी फोन खाली ठेवला. "आई, हवं तर आपण त्यांना बाटल्या देऊ. पण बाहेर काही ठेवायला नको. सोसायटीत आपलं नाव यायला नको." मी विचारलं, पाणी ठेवल्याने कसलं नाव येतं? त्यांनी फोन पुन्हा उचलला. एवढी वर्षं तिथे राहून, घर घेऊन, टॅक्स भरून ते अजून व्हिसावर आहेत. कायमच्या कागदांच्या रांगेत त्यांचा नंबर इतका मागे आहे की तन्वी म्हातारी होईल, असं तेच चेष्टेने सांगतात. मला त्यांची भीती दिसत होती. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा ती फाजील वाटली.

माठ

माठ मिळवताना माझी फजिती झाली. झाडांच्या दुकानात मातीची सुरेख भांडी रचलेली दिसली. त्यातलं सगळ्यात मोठं पोटाशी धरून घरी आणलं, धुतलं, स्वयंपाकघरात भरून ठेवलं. सकाळी रश्मी पाय घसरून पडता पडता वाचली. ती सगळी कुंड्यांची जात, बुडाला भोक असतं. ते भोक वरून मातीने लिंपलेलं होतं, मला काय ठाऊक. तन्वी पोट धरधरून हसली आणि समीररावांनी न बोलता पोछा मारला. गुणी जावई आहे.

मग रश्मीने मला एका मेक्सिकन दुकानात नेलं. तिथे खरा माठ मिळाला, अरुंद गळ्याचा, आपल्यासारखाच. मी त्याला भिजवलेलं गोणपाट गुंडाळलं, वर झाकण, झाकणावर उपडा पेला, आणि दारातल्या ओट्यावर सावलीला ठेवला. तिथली हवा आपल्या वऱ्हाडासारखी कोरडी, त्यामुळे दोन तासांत पाणी असं गार झालं की फ्रिजने तोंड लपवावं.

मंगळवारी एल्विराने माठ पाहिला आणि त्याच्यावरून हात फिरवला. तिच्या आईकडे असाच होता म्हणाली. मग टोळीतले बाकीचेही एकेक करून आले. कोणी रेंगाळत नव्हतं. पाणी पिऊन पेला विसळून उपडा घालायचे आणि निघायचे. पुढच्या मंगळवारी मी तिच्यासाठी ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून ठेवला. भाकरी तिला ओळखीची वाटली, त्यांच्याकडे मक्याची करतात. ठेचा मात्र तिने नुसता चाटला, जरा विचार केला आणि विचारलं, यात मिरची कधी घालतात? आम्हा वानखड्यांच्या ठेच्याचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला ती माझ्यासाठी पिशवीभर लिंबं घेऊन आली. कोणाच्या तरी अंगणात खाली पडलेली, फेकायला सांगितलेली. मी त्यांचं गोड लोणचं घातलं. ते दिवस बरे गेले. अमेरिका बरी वाटली ती तेवढेच दिवस.

मग सोसायटीचा ईमेल आला. माठाचा फोटो काढून पाठवला होता. रस्त्यावरून दिसणारी, परवानगी नसलेली वस्तू. हटवा.

संध्याकाळी जोगळेकर आले. हे आमच्या समीररावांच्या आधी तीस वर्षं अमेरिकेला आलेले, पुण्याचेच, आता रिटायर होऊन सोसायटीच्या कमिटीवर आहेत. चहा घेतला, लोणच्याची तारीफ केली. मग म्हणाले, "वानखडेताई, तुमची भावना मला कळते. पण इथे असं चालत नाही. उद्या कोणी ते पाणी पिऊन आजारी पडलं तर केस होईल. त्याला लायबिलिटी म्हणतात."

"आणि पाणी न पिऊन आजारी पडलं तर?" मी विचारलं.

"तो ठेकेदाराचा प्रश्न."

"आणि ठेकेदाराला कोण विचारतं?"

जोगळेकरांनी समीररावांकडे पाहिलं. समीरराव म्हणाले, "आई, आपल्या पुण्याच्या सोसायटीतही कामवाल्या बायकांना लिफ्ट वेगळी आहे." खोचून नाही, खरंच म्हणाले ते.

"आहे ना," मी म्हटलं. "आमच्या स्टँडवरही काही म्हातारी माणसं पाणपोईवर ओंजळीनेच प्यायची, भांड्याला हात लावायची नाहीत. का ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मला हे इथे आल्या आल्या ओळखू आलं."

जोगळेकर उठले. जाताना म्हणाले, मीटिंगला या, तुमचं म्हणणं मांडा, इथे लोकशाही आहे.

मीटिंग

आपल्या सोसायटीच्या मीटिंगा मी पाहिल्या आहेत. पार्किंगवरून गचांडी धरतात, कोणी सेक्रेटरीचा बाप काढतो, मग समोसे येतात. तिकडे क्लबहाउसात एवढा गारठा की मी शाल घेतली. कोणाचा आवाज चढला नाही. कारंज्याच्या दिव्यांचा रंग कोणता असावा यावर बराच वेळ चर्चा झाली, कारण निळ्या दिव्याने बदकांची झोप उडते असं एका बाईंचं म्हणणं होतं. सगळ्यांनी त्या बदकांविषयी काळजी व्यक्त केली. मग मला बोलावलं.

मी तयारी करून गेले होते. नोकरीत एक गोष्ट शिकले होते. तक्रार मोघम केली तर ती केराच्या टोपलीत जाते. "प्रवाशांचे हाल होतात" असं लिहिलं तर साहेब सही करून बाजूला सारतो. पण नाव, गाव, गाडी, जागा असं सगळं लिहिलं की त्याला हलावंच लागतं. आयुष्यभर मी गोरगरीब प्रवाशांना हेच सांगत आले, नाव घाला, घाबरू नका, नावाशिवाय वजन येत नाही. तसंच मी इथे केलं. तन्वीला बाजूला उभी केली होती, अडलं तर शब्द द्यायला. मी सांगितलं की मंगळवारी काम करायला येणारी एल्विरा नावाची बाई, निळी टोपी घालते, ती तुमच्या मोठ्या कारंज्याजवळ ऊन लागून पडली. कोणी डॉक्टर बोलावला नाही. तिच्या पाण्याचा डबा गेटबाहेर आहे. कुत्र्याला इथे नळ आहे. तिला नाही.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, लागलं. लिंडाचे डोळे खरंच ओले झाले होते, ते मी नाकारत नाही. तिने छातीवर हात ठेवून सांगितलं की हे शेअर करणं किती धाडसाचं आहे. मग पेन उघडलं आणि विचारलं, त्या बाईंचं नाव पुन्हा सांगाल का? मी सांगितलं. तिने विचारलं, स्पेलिंग? मी तन्वीला म्हटलं, सांग. तन्वीने एकेक अक्षर सांगितलं, लिंडाने एकेक लिहिलं, आणि मी शाल सावरून अभिमानाने उभी होते.

मतदान झालं. माठ ठेवू द्यावा याला कोणाचाच हात वर नाही. ठेवू नये याला दयावाली लिंडा, झेंडेवाला आणि आमचे जोगळेकर, कमिटीच्या तिघांचे हात बरोबर एकदम वर गेले. त्या एका क्षणी त्या दुभंगलेल्या देशात किती एकी आहे ते मी पाहिलं. झेंडेवाल्याने लिंडाकडे बघून मान हलवली आणि तीही हसली. मला वाटतं त्यांचं बोलणं त्या दिवशी सुरू झालं.

पण लिंडा म्हणाली की आम्ही तुमचं ऐकलं आहे आणि या बाबतीत नक्की काहीतरी करू. मी घरी येताना समीररावांना म्हटलं, बघा, बोललं की होतं. ते समोर बघत गाडी चालवत होते. घरी आल्यावर गॅरेजमध्ये गाडी बंद करून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आई, तिचं नाव घ्यायला नको होतं."

तेव्हा मला कळलं. एल्विराने ओठांवर ठेवलेलं बोट डोळ्यांपुढे आलं.

मंगळवार

टोळी आली. निळी टोपी नव्हती. तिचं यंत्र एका नव्या माणसाच्या पाठीवर होतं. मी बाहेर गेले, ओळखीच्या एकाला विचारलं, एल्विरा? त्याने आधी गेटकडे पाहिलं. "नो मोर, सेन्योरा," म्हणजे आता नाही बाई, एवढंच म्हणाला आणि माझ्यापासून दूर झाला. रश्मीने मोडक्या स्पॅनिशमध्ये पुन्हा विचारून पाहिलं. ती कुठे राहते, मुलगी कोणत्या कॉलेजात, काही नाही. कोणालाच काही माहीत नव्हतं, किंवा आम्हाला सांगायचं नव्हतं. आम्हाला ते का म्हणून सांगतील?

दुपारी लिंडाचा ईमेल आला. तिने ठेकेदाराशी बोलणं केलं होतं. ठेकेदाराने आभार मानले होते आणि कळवलं होतं की संबंधित कर्मचाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न आता मिटलेला आहे.

मी लिंडाकडे गेले. दारातल्या त्या पाटीपाशी उभी राहून विचारलं, ती कुठे आहे? लिंडा माझे दोन्ही हात धरून म्हणाली की आपण तिचा जीव वाचवला. अशा तब्येतीच्या बाईने उन्हात काम करणं तिच्याच हिताचं नव्हतं. मी म्हटलं, तिला पाणी हवं होतं, सुटी नको होती. लिंडाने मान डोलावली. तिला ते समजलंही असेल. ती वाईट बाई नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. कोणीही एल्विराला हाकलून दे असं म्हटलं नाही. सगळे काळजीच करत होते, आणि त्या काळजीखाली ती बाई चिरडली गेली.

घरी येऊन मी लोणच्याची बरणी उघडली आणि पुन्हा बंद केली. रडले मी त्या दिवशी, नीट, पदर तोंडाला लावून. रश्मी जवळ येऊन बसली. म्हणाली, आई, तू चांगल्यासाठीच केलंस. मी म्हटलं, लिंडाही तेच म्हणते.

फीत

सोसायटीने शब्द पाळला. परतीच्या आधी काही दिवस क्लबहाउसच्या दारात, कुत्र्यांच्या नळाशेजारी, एक नवं यंत्र बसलं. उन्हाळ्याविषयी जागृतीसाठी गार पाण्याचं केंद्र. रहिवाशाने आपली कार्डासारखी किल्ली टेकवली की पाणी येतं. किल्ली नसेल तर येत नाही, कारण लायबिलिटी. आणि त्याच्या उद्घाटनाला लांबून आलेल्या आजींनी, म्हणजे मी, फीत कापावी असं कमिटीने ठरवलं होतं.

मी नाही म्हणणार होते. समीरराव माझ्याकडे कधी काही मागत नाहीत, पण त्या रात्री जेवताना खाली मान घालून म्हणाले, "आई, या एवढ्या वेळी जाऊन येऊ. आपल्याला इथेच राहायचंय." ते त्यांच्या घरात माझी परवानगी मागत होते. मी हो म्हटलं.

मंगळवारची सकाळ होती. झेंडेवाला, लिंडा, जोगळेकर, बदकांची काळजी करणाऱ्या बाई, सगळे टोप्या घालून सावलीत उभे. भाषणात आवाजाचा अडथळा नको म्हणून टोळीला यंत्रं बंद करायला सांगितलं होतं. एल्विराच्या जागी आलेला नवा माणूस यंत्र पाठीवर तसंच ठेवून कारंज्याजवळ उन्हात थांबला होता, आमचं आटपायची वाट बघत. त्याच्या पायाशी सावली नव्हती.

मी फीत कापली. टाळ्या झाल्या. लिंडाने किल्ली टेकवून पहिला ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला.

मी तो घेऊन चालत सुटले. गवतावरून, सरळ त्या माणसापाशी. त्याच्यापुढे धरला. त्याने ग्लासकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे उभ्या लोकांकडे पाहिलं, मग गेटकडे. त्याचा घसा हललेला मला दिसला. "नो, नो, सेन्योरा. प्लीज," तो म्हणाला. फिनिक्सला खुर्ची ढकलणारा म्हातारा प्लीज म्हणाला होता ना, अगदी तसंच. एवढी वर्षं पाणपोईशेजारी काढली मी. भांडणारे, दारू पिऊन आलेले, पोलिसांना चुकवत पळणारे, सगळे पाहिले, पण तहानलेला माणूस पाण्याला भिताना मी त्या दिवशी पाहिला.

आमच्याकडे कोणी लाजरा असला, समोर प्यायला संकोचणारा, तर भांडं त्याच्याजवळ ठेवून पाठ फिरवायची पद्धत होती. तो मग पिऊन घेई. मी तेच केलं. ग्लास कारंज्याच्या कट्ट्यावर, त्याच्या हाताला येईल असा ठेवला, आणि मागे न बघता परत निघाले. मनात म्हणत होते, घे बापा, कोणी बघत नाही.

मागून भराभर पावलं आली. लिंडा होती, हसत, धापा टाकत. तिच्या हातात तोच ग्लास होता, काठोकाठ भरलेला.

"तुमचं पाणी तिथेच राहिलं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. मग सावलीत उभ्या असलेल्या सगळ्यांकडे. तन्वी माझा फोटो काढायला फोन धरून उभी होती. समीरराव बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मला पुढे काही करताच येईना.

मी ग्लास घेतला आणि सगळ्यांसमोर ते पाणी प्यायले.